झरी : गवताच्या हिशेबातून उभे राहिलेले गाव

डहाणू म्हटले की मुंबईकराला चिकू आठवतो आणि तलासरी म्हटले की अहमदाबाद महामार्गावरील दापचरीचा तपासणी नाका. याहून अधिक माहिती असणारा वाचक वारली चित्रकलेचे आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचे नाव घेईल. परंतु पालघर जिल्ह्याच्या या उत्तर टोकावरील खेड्यांचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूपासून सुरुवात करावी लागते. ती वस्तू म्हणजे गवत. पेरावे लागत नाही, राखावे लागत नाही, पहिल्या पावसाबरोबर आपोआप उगवते, असे हे माळावरचे गवत. त्याच्या मालकीवरून आणि कापणीच्या मजुरीवरून येथे संप झाले, गोळ्या चालल्या, माणसे मेली. तलासरी तालुक्यातील झरी हे लहानसे शेतकरी गाव या इतिहासात ठळकपणे नोंदले गेले, ते २३ मे १९४५ रोजी तेथे भरलेल्या वारली आदिवासींच्या परिषदेमुळे.

झरी हे त्या काळी उंबरगाव तालुक्यातील गाव होते. आज उंबरगाव गुजरातेत आहे. १९६० साली द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा या तालुक्यातील ४७ गावे व तीन शहरे गुजरातकडे गेली. उरलेली २७ गावे आधी डहाणूला जोडण्यात आली आणि १९६१ मध्ये त्यांचा तलासरी हा स्वतंत्र तालुका झाला. म्हणजे ज्याला आपण आज तलासरी तालुका म्हणतो, तो एका मोडलेल्या तालुक्याचा महाराष्ट्राकडे राहिलेला तुकडा आहे. सोयरीक, बाजार आणि बोली यांनी मात्र ही सीमा फारशी मानलेली नाही. येथील वारल्याच्या बोलण्यात मराठीइतकीच गुजरातीही सहज येते, आणि कामाला जायचे तर त्याला ठाण्यापेक्षा वापी जवळची वाटते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, तेव्हा जिल्ह्याचे ठिकाण थोडे जवळ आले, एवढाच काय तो बदल.

या भागातील गाव म्हणजे सलग वस्ती नव्हे. चार-दोन घरे एका उंचवट्यावर, दहा-बारा घरे ओढ्यापलीकडे, मध्ये भाताची खाचरे आणि माळ, असे विखुरलेले पाडे मिळून एक महसुली गाव होते. घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, त्यांवर शेण-मातीचा लेप आणि वर गवताचे छप्पर. गेल्या दोन-तीन दशकांत कौले, पत्रे आणि घरकुल योजनेच्या विटा आल्या असल्या, तरी जुन्या घराचा नमुना अजून पाहायला मिळतो. गवत हे वारल्याच्या संसारात पहिल्यापासून आहेच. छपराला ते लागते. गुरांना लागते. उन्हाळ्यात भाताच्या रोपवाटिकेची जमीन भाजण्यासाठी जो 'राब' करतात, त्यातही फांद्या, पालापाचोळा आणि शेण यांच्या जोडीला वाळके गवत असते. 'वारली' हे नावच 'वारल', म्हणजे जमिनीचा लहानसा तुकडा, यावरून आले असे सांगितले जाते. ही व्युत्पत्ती बरोबर असो वा नसो, ती ज्या जमातीबद्दल सांगितली जाते, तिच्या हातून तोच तुकडा कसा निसटला, हा खरा प्रश्न आहे.

तो निसटण्यास प्रारंभ झाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८६४ साली मुंबई ते गुजरात लोहमार्ग पूर्ण झाला आणि डहाणू, घोलवड, संजाण हा किनारपट्टीचा भाग एकाएकी मुंबईच्या बाजारपेठेला जोडला गेला. पाठोपाठ १८७८ च्या वन कायद्याने जंगलावर सरकारची पकड बसली. शेतसारा रोखीत भरायचा, आणि रोख पैसा तर सावकाराशिवाय कोणाकडे नाही, अशी स्थिती झाली. आषाढ-श्रावणात घरातील दाणा संपला की सावकाराकडून 'खावटी' घ्यायची आणि पीक आले की दिढीने परत करायची, हा क्रम दोन-चार पावसाळे चालला की जमीन सावकाराच्या नावावर चढे आणि कालचा मालक त्याच जमिनीवर कूळ म्हणून राबू लागे. सावकार आणि जमीनदार यांत पारशी, इराणी, गुजराती वाणी, ब्राह्मण, मुसलमान असे सर्व प्रकारचे लोक होते. हा एका जातीचा दुसरीवरील अन्याय होता असे सुटसुटीत चित्र कोणी रंगवू पाहील तर ते टिकणार नाही. ते सावकारीचे तंत्र होते आणि ज्याच्या हाती पैसा आला, त्याने ते वापरले.

जमीनदाराच्या हाती आलेल्या जमिनीपैकी खाचरे भाताखाली राहिली. उरलेल्या विस्तीर्ण माळाचे काय करायचे, याचे उत्तर मुंबईने दिले. शहरात घोडागाड्या होत्या, म्हशींचे तबेले होते आणि त्या सर्वांना बारमाही वैरण हवी होती. माळावरचे गवत कापून, वाळवून, दाबून त्याचे गठ्ठे बांधायचे आणि रेल्वेने मुंबईला धाडायचे, हा धंदा भरभराटीला आला. जमीनदाराच्या दृष्टीने याहून सोयीचे पीक नाही. बियाणे नको, बैल नको, पाऊस थोडा कमी-अधिक झाला तरी चिंता नको. शिवाय, आणि हे विशेष लक्षात घेतले पाहिजे, गवताला कूळ लागत नाही. भात पिकवणारा कूळ पिढ्यान्‌पिढ्या एकाच खाचरात राबतो आणि उद्या त्यावर हक्क सांगू शकतो. गवत कापणारा केवळ मजूर असतो. कापणी संपली की त्याचा त्या जमिनीशी संबंध संपला.

अमेरिकेतील प्रेअरीच्या प्रदेशात शेकडो मैलांचे गवताळ माळ नांगरून गव्हाची शेते झाली आणि त्या शेतांभोवती गावे वसली. उंबरगाव, डहाणू आणि शेजारच्या पारडी तालुक्यात याच्या नेमके उलट घडले. जेथे नागली, वरी, कदाचित भातही पिकू शकला असता, अशी जमीन गवताखाली ठेवली गेली आणि तिच्या कडेला राहणारा माणूस अर्धपोटी राहिला. पारडी भागात १ सप्टेंबर १९५३ रोजी ईश्वरभाई देसाई यांच्या नेतृत्वाखाली प्रजा समाजवादी पक्षाने जो सत्याग्रह सुरू केला, त्याची मागणी हीच होती की, गवताच्या जमिनीत धान्य पिकवू द्या.

वेठ आणि लग्नगडी

गवताच्या धंद्यात एक मेख होती. गवत आपोआप उगवते, परंतु ते आपोआप कापले जात नाही. पाऊस ओसरल्यावर, साधारण आश्विन-कार्तिकात, ते कापणीला येते. त्यानंतर फार दिवस उभे राहिले तर वाळून वजन घटते, कस जातो आणि एखाद्या ठिणगीने वणवा लागला तर सगळेच जाते. म्हणजे काही आठवड्यांत हजारो एकरांची कापणी उरकायची. एवढे हात एकाच वेळी आणायचे कोठून?

ही गरज भागवत असे वेठ. जमीनदाराच्या जमिनीवर राहणाऱ्या प्रत्येक कुळाने बोलावणे येताच कामावर हजर व्हायचे, मोबदला नाममात्र किंवा तोही नाही. बोलावणे टाळले तर मार ठरलेला. आणि या व्यवस्थेची क्रूर बाजू अशी की, वारल्याचे स्वतःचे भात त्याच आठवड्यांत पिकून उभे असे. दुसऱ्याचे गवत कापून परत येईपर्यंत आपल्या ओंब्या गळालेल्या. मग पुन्हा खावटी. या साऱ्याची सरकारला कल्पना नव्हती असे नाही. मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडून प्रांतातील आदिवासींच्या स्थितीची पाहणी करवली होती आणि त्यांच्या १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात वेठीची व जमीनदारांच्या जुलमाची स्वच्छ नोंद आहे. अहवाल निघाला, वाचला गेला आणि फायलीत राहिला.

वेठीहून वाईट प्रथा होती लग्नगडीची. वारली समाजात मुलाच्या बापाने मुलीच्या घरी देज द्यावयाचे असते. मांडव, ताडी, जेवण, धवलेरीची बिदागी असा खर्च असतो. लग्न लावणारी धवलेरी ही स्त्री पुरोहित. ती विधीची गाणी गाते आणि तिच्याशिवाय लग्न पुरे होत नाही. भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहिला जातो तो याच वेळी, सुवासिनींच्या हातून. ज्याला आज जगभर वारली चित्र म्हणून ओळखतात, त्याचे मूळ या लग्नचौकात आहे. तर अशा लग्नासाठी तरुणाने सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि फेडीसाठी नवरा-बायकोने त्याच्या घरी राबायचे. व्याज कधी संपत नसे, त्यामुळे राबणेही संपत नसे. एका लग्नाच्या खर्चापायी दोन माणसांचे आयुष्य गहाण पडे. आजही या भागात अनेक जोडपी आधी संसार थाटतात आणि पैसा जमेल तेव्हा, कधी मुलेबाळे मोठी झाल्यावर, विधी उरकतात. शहरी पाहुण्यांना याचे नवल वाटते. कर्ज काढून केलेल्या लग्नाची काय किंमत या समाजाने मोजली आहे हे कळल्यावर ते वाटू नये.

परिषद आणि संप

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन झाले. उंबरगाव भागातून काही वारली तेथे गेले होते. व्यासपीठावर शेतकऱ्यांच्या हालांची वर्णने चालली असताना माह्या धांगडा नावाचा वारली उभा राहिला आणि त्याने आपल्या मुलखातील वेठीची हकीकत सांगितली. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांचे या भागाकडे लक्ष वेधले गेले ते त्यानंतर. गोदावरीबाई पुण्याच्या सुखवस्तू घरातल्या, कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजात काम केलेल्या. त्या पाड्यापाड्यांतून पायी हिंडल्या, वारल्यांच्या झोपड्यांत राहिल्या, त्यांची बोली शिकल्या. त्या अनुभवांवर त्यांनी लिहिलेले 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० मध्ये आले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला.

झरीच्या परिषदेला सुमारे पाच हजार वारली आले. ऐन मे महिन्यात, वाहनांची सोय नसताना, आणि मुख्य म्हणजे जमीनदाराचा डोळा चुकवून. परिषदेने ठरवले ते थोडक्यात असे : वेठ करायची नाही, रोख मजुरीशिवाय जमीनदाराच्या खासगी शेतावर राबायचे नाही, दिवसाची मजुरी बारा आणे मागायची आणि लग्नगड्यांनी मोकळे व्हायचे. आज हे ठराव वाचताना त्यांत क्रांतिकारक असे काही वाटत नाही. देशात तेव्हा लागू असलेला कायदादेखील माणसाला गुलाम ठेवू देत नव्हता. नवे होते ते एवढेच की, हे आता वारल्यांनी स्वतः एकत्र बसून म्हटले होते. पुढल्या काही आठवड्यांत परिषदेत ऐकलेले घोषवाक्य पाड्यांपर्यंत पोचले आणि लग्नगडी सावकारांच्या वाड्यांतून बाहेर पडू लागले.

यानंतर आले आश्विन आणि गवत. पाचशे पौंड, म्हणजे सव्वादोन क्विंटलहून थोडे अधिक गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी, अशी मागणी किसान सभेने पुढे केली आणि ती मान्य होईपर्यंत विळा हाती घ्यायचा नाही असे ठरले. येथे गवताचा तो जुना हिशेब उलटला. कापणीची जी घाई आजवर वेठीचे कारण होती, तीच आता संपकऱ्याचे बळ झाली. जमीनदाराला थांबणे परवडत नव्हते. वारल्याला उपासाची सवय होती.

१० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जे घडले, त्याला या ताणाची पार्श्वभूमी आहे. गोदावरीबाई सभेला येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी अफवा पसरवण्यात आली आणि हजारो वारली तेथे जमले. बाई तेथे नव्हत्याच. जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. लाल बावट्याभोवती उभे असलेले पाच जण ठार झाले, त्यांत जेठ्या गांगड हा पहिला. गोळीबारानंतरही लोक बराच वेळ जागचे हलले नाहीत, याचे वर्णन गोदावरीबाईंनी केले आहे. अफवा जमीनदारांनीच उठवली, असे किसान सभेचे म्हणणे होते. परुळेकर दांपत्यावर हद्दपारीची बंधने आली. संप मात्र मोडला नाही. गवताचा दर मान्य झाला आणि पुढल्या वर्षी, म्हणजे १९४६ मध्ये, जंगलतोडीच्या मजुरांनीही महिनाभराहून अधिक काळ काम बंद ठेवून दिवसाला सव्वा रुपया पदरात पाडून घेतला. तेव्हा मुंबईत बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले होते. स्वराज्याच्या उंबरठ्यावरील त्या सरकारनेही हद्दपारीचेच हत्यार वापरले, हे नमूद करणे भाग आहे.

तलासरीत दरवर्षी १० ऑक्टोबरला हुतात्म्यांचे स्मरण होते. या भागाचे राजकारण त्या दिवसापासून लाल राहिले ते आजवर. १९७७ मध्ये डहाणूतून लहानू कोम लोकसभेवर गेले आणि २०१९ व २०२४ च्या विधानसभा निवडणुकांत डहाणूची जागा मार्क्सवादी पक्षाच्या विनोद निकोले यांनी जिंकली. महाराष्ट्रात अन्यत्र हा पक्ष ओसरत असताना येथे का टिकला, याचे उत्तर शोधणाऱ्याने विचारसरणीच्या आधी कौटुंबिक आठवणी पाहाव्यात. ज्याचा आजा लग्नगडी होता, त्याला बावटा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

कुरणातली शाळा

योगायोग असा की, १९४५ याच वर्षाच्या डिसेंबरात, झरीपासून फार दूर नसलेल्या बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत हलले. शाळा काढली तरी मुले येत ना. कारण उघड होते. मोठी मुले गुरांमागे, आणि त्यांच्यामागे लहान भावंडे. तेव्हा शाळाच मुलांमागे गेली. गुरे जेथे चरत, तेथे शिक्षिका जाऊन बसे आणि दगड, पाने, बिया, काटक्या हेच शिक्षणाचे साहित्य होई. या प्रयोगाला 'कुरणशाळा' असे समर्पक नाव मिळाले. अंगणात भरणाऱ्या वर्गाची कल्पनाही याच दोघींची. तिचे पुढे 'अंगणवाडी' हे नाव देशभर झाले. मोर्चाने वेठ थांबवली, तरी वेठीबाहेर आलेल्या माणसाच्या मुलाने वाचायला शिकायचे काम उरलेच होते. ते या दोघींनी केले, आणि पुढे तलासरीत चळवळीतील मंडळींनीही शाळा-महाविद्यालये काढून केले.

गवताचा व्यापार मग हळूहळू आटला. मुंबईतील घोडागाड्या गेल्या. १९४९ मध्ये आरे वसाहत झाली, तबेले शहराबाहेर सरकू लागले. उरलेली जनावरे थेट गवताच्या मुलखात न्यावीत म्हणून सरकारने डहाणू तालुक्यात दापचरीचा दुग्धप्रकल्प उभारला, त्याच्यासाठी कुर्झे येथे धरण बांधले. त्यासाठीही जमीन गेली ती आदिवासींचीच. आज तेथील बहुतेक गोठे ओस पडले आहेत आणि त्या जमिनीवर नवनव्या प्रकल्पांची नावे अधूनमधून ऐकू येतात.

जमिनीचा प्रश्न मात्र राहिला तेथेच आहे. कूळ कायदा १९४८ मध्ये झाला, १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कुळे मालक मानली गेली. त्यातून खाचरे बऱ्याच जणांच्या नावावर आली. माळावरच्या, जंगलकडेच्या जमिनीला या कायद्याचा उपयोग थोडा, कारण तेथे कुळाची नोंदच नव्हती. अशा जमिनीला येथे सरसकट 'प्लॉट' म्हणतात. वर्षानुवर्षे कसलेला, पण सातबाऱ्यावर वनखात्याचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली चार हेक्टरपर्यंतची वनजमीन कसणाऱ्याच्या नावे करण्याची तरतूद केली. दावे दाखल झाले. अनेकांचे मंजूर झाले, परंतु कसत असलेल्या क्षेत्रापेक्षा कितीतरी कमी गुंठ्यांना, ही तक्रार पाड्यापाड्यांत ऐकू येते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला जो शेतकऱ्यांचा लाँग मार्च गेला, त्यातही वनहक्काची अंमलबजावणी ही प्रमुख मागणी होती.

हे दावे आताच निकाली निघणे का महत्त्वाचे, हेही सांगितले पाहिजे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग डहाणू-तलासरीतून जातो. वडोदऱ्याकडून मुंबईला येणारा द्रुतगती महामार्ग येथूनच जातो. किनाऱ्यावर वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि तीन दशके मोठ्या उद्योगांना आवर घातला. आता जमिनीची मागणी पूर्वी कधी नव्हती एवढी आहे. भूसंपादनाचा मोबदला ज्याचे नाव उताऱ्यावर, त्याला मिळतो. ज्याचा दावा अजून प्रांत कार्यालयात पडून आहे, तो मोजणीच्या वेळी केवळ अतिक्रमण करणारा ठरू शकतो.

पाड्यावरचे वर्षाचे चक्र अजून बरेचसे जुन्याच क्रमाने फिरते. पावसाच्या आधी राब, मग पेरणी-लावणी, नव्या दाण्याची पूजा, त्या दिवसांत तारपा वाजू लागतो आणि रात्रभर त्याभोवती नाच फिरतो. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरते, आणि तेथे दोन्ही राज्यांतील वारली भेटतात. मधल्या काळात तरुण मुले उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत, काही घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्यांत, आणि दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर. भट्टीमालकाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. उचल कशासाठी घेतली असे विचारले, तर आजारपण, घरदुरुस्ती आणि लग्न ही तीन उत्तरे बहुधा मिळतात.